इंजिनाचा चढता-उतरता ताप व त्याचें निदान

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज पिकअप गाडी आहे. बाजारांत गूळ पोंचविणें, पहांटे भाजी आणणें, गगनबावड्याच्या वाटेनें करूळ घाट उतरून कोंकणांत माल नेणें, अशीं कामें ती करिते. अनेक कुटुंबांचें पोट व कर्जाचा हप्ता तिच्यावरच अवलंबून असतो. या गाडीच्या चालकापुढें उष्णतेचा कांटा असतो. तो स्थिर न राहतां वरखालीं होऊं लागला म्हणजे चालक गोंधळतो. कोणी म्हणतो, पाणी ओता. कोणी म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाका. परंतु औषध देण्यापूर्वीं रोग ओळखावा, हा वैद्याचा नियम येथेंही लागू आहे. तो रोग कसा ओळखावा, हें आम्ही या पाठांत सांगणार आहों.

इंजिन थंड कसें राहतें ?

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा स्थूलमानानें तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीचीपैकीं बरीच धुराबरोबर निघून जाते, व उरलेली इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यास घ्यावी लागते. पंप हें पाणी फिरवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना तें आपली उष्णता वाऱ्यास देतें. 1901 सालच्या मर्सिडीज गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख यानें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजिला, तेव्हांपासून थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग वाऱ्यास मिळूं लागला.

या वाटेवर एक द्वारपाल आहे, तो थर्मोस्टॅट. त्याच्या लहानशा डबींत मेण असतें. पाणी सुमारें 82 ते 88 अंश सेल्सिअसपर्यंत तापलें कीं मेण वितळून फुगतें आणि झडप उघडतें. दुसरा पहारेकरी म्हणजे रेडिएटरचें झांकण. समुद्रसपाटीपासून सुमारें 550 मीटर उंच असलेल्या आमच्या कोल्हापुरांत उघडें पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतें. परंतु झांकणाच्या स्प्रिंगचा दाब व पाण्यांत मिसळलेलें कूलंट यांमुळें इंजिनांतील पाणी 120 अंशांच्या सुमारापर्यंत उकळत नाहीं. झांकण सैल झालें तर हें संरक्षण नाहींसें होतें.

कांटा खरा कीं खोटा ?

निदानाची पहिली पायरी हीच होय. समजा, इंजिनांत 8 लिटर पाणी आहे. तें 20 अंशांनीं तापण्यास 160 किलोकॅलरी, म्हणजे सुमारें 670 किलोज्यूल उष्णता पाहिजे. दर सेकंदास 20 किलोज्यूल उष्णता पाण्यास मिळाली आणि रेडिएटरनें कांहींच बाहेर टाकली नाहीं, असें धरलें तरी यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागेल. सबब, कांटा क्षणार्धांत टोंकास जाऊन पुन्हा खालीं पडत असेल, तर सगळें पाणी तितक्या त्वरेनें तापलें वा निवालें असें मानतां येत नाहीं. दोष बहुधा सेन्सरमध्यें, त्याच्या तारेंत किंवा अर्थिंगच्या जोडांत असतो. दिवे लावतांच कांटा हलत असेल, तर ही शंका अधिक दृढ होते.

तथापि येथें एक धोका आहे. पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याऐवजीं हवेची किंवा वाफेची उष्णता मोजतो, व कांटा एकाएकीं खालीं येतो. अज्ञ चालकास वाटतें, ताप उतरला. प्रत्यक्षांत इंजिन जळत असतें! म्हणून पाण्याची पातळी पाहिल्यावांचून कांट्यास खोटें ठरवूं नये. पातळी पाहणें तें मात्र इंजिन निवाल्यावरच.

कांटा केव्हां हलतो ?

1. गाडी उभी असतां चढतो, धांवूं लागतांच उतरतो : वेगामुळें मिळणारा वारा पुरेसा आहे, म्हणजे पंखा आपलें काम करीत नाहीं. पंख्याचा क्लच, अथवा विजेचा पंखा असल्यास त्याचा फ्यूज व रिले तपासावा.

2. घाट चढतांना चढतो, सपाटीवर उतरतो : कोंकणांतून भरून येणारी गाडी खालच्या गिअरमध्यें सावकाश चढते, इंजिनास श्रम अधिक आणि वारा कमी. अशा वेळीं कांटा थोडा वर जाणें स्वाभाविक आहे. पण तो लाल खुणेकडे जात असेल, तर रेडिएटरच्या जाळींत चिखल, किडे वा उंसाचा पाला अडकला आहे काय, नळ्या गंजानें बुजल्या आहेत काय, पट्टा सैल आहे काय व पंपाचीं पातीं झिजलीं आहेत काय, हें क्रमानें पाहावें.

3. हळूहळू चढतो, मग झपाट्यानें उतरतो, पुन्हा तसेंच : थर्मोस्टॅट अडखळत उघडतो आहे, किंवा पाण्यांत हवा कोंडली आहे. पाणी नुकतेंच बदललें असल्यास प्रथम हवा काढावी.

4. लांबच्या प्रवासांतही वर येत नाहीं : थर्मोस्टॅट उघडाच राहिला असावा. यानें इंधन अधिक लागतें व इंजिन झिजतें.

5. गळती दिसत नाहीं, तरी पाणी कमी होतें : पांढरा धूर, दुधाळ झालेलें तेल, अथवा थंड इंजिनाचें झांकण काढून तें सुरू केल्यावर अखंड येणारे बुडबुडे, हीं हेड गॅस्केट फुटल्याचीं लक्षणें होत. गाडी तेथेंच थांबवावी. दुरुस्तीस विलंब केल्यास हेड वांकडें होऊन खर्च कित्येक पटींनीं वाढतो.

थर्मोस्टॅटची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेंतही करतां येते. तो दोऱ्यानें पाण्याच्या भांड्यांत टांगावा, शेजारीं तापमापक ठेवावा व पाणी तापवावें. झडप कोणत्या अंशावर उघडते तें लिहून, थर्मोस्टॅटवर छापलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावें. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची चाल मात्र अयोग्य आहे. कांहीं इंजिनांत तो नसल्यास बरेंचसें पाणी रेडिएटरकडे न जातां आडवाटेनेंच परत फिरतें, व इंजिन उलट अधिक तापतें.

अत्यंत महत्त्वाची सूचना

तापलेल्या इंजिनाचें झांकण कधींही उघडूं नये. दाब सुटतांच 100 अंशांहून अधिक तापलेलें पाणी एकदम उकळून उसळतें आणि तोंड, डोळे व हात भाजतें. गुऱ्हाळांत काहिलींतील रस उतूं जातांना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या वेगाची थोडी कल्पना येईल. गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, निदान अर्धा तास थांबावें, रेडिएटर हातास सोसवतो असें पाहावें, मगच जाड फडक्यानें झांकण हळूहळू सैल करावें. तापलेल्या इंजिनांत थंडगार पाणी ओतूं नये. ओतीव भागास तडा जाण्याचें भय असतें. घाईच्या वेळीं ही गोष्ट वडील मंडळीही विसरतात. मुलांनीं ती त्यांस नम्रपणें पण आग्रहानें सांगावी.

विद्यार्थ्यांनीं गाडींत एक वही ठेवावी. कांटा केव्हां हलला, गाडी उभी होती कीं चढत होती, वजन किती होतें, पाणी किती घालावें लागलें, हें तींत रोज लिहावें. आठ दिवसांची अशी नोंद मिस्त्रीच्या हातीं दिली, तर नको ते सुटे भाग बदलण्याचा खर्च वांचेल. शास्त्राचा आरंभ निरीक्षणांत आहे. आणि तें निरीक्षण करण्यास घरच्या गाडीहून चांगली प्रयोगशाळा दुसरी कोणती मिळणार?