एका वेळी पंधराच फायली

मागच्या पाठात आपण संगणकातली फाईल म्हणजे काय ते पाहिले. एक अर्ज म्हणजे एक फाईल. एक फोटो म्हणजे एक फाईल. आता पुढची गोष्ट पाहू. अशा पुष्कळ फायली एकदम उघडता येतात का? एकदम छापता येतात का?

येतात. पण त्याला हद्द आहे. ती हद्द ठाऊक नसली, म्हणजे माणसाचा दिवस फुकट जातो.

समजा, गावातल्या दोन बचत गटांच्या मिळून २३ बायकांना बँकेत कर्जाचे अर्ज द्यायचे आहेत. अर्ज संगणकावर लिहून तयार आहेत. प्रत्येकीची फाईल वेगळी. बँकेत उद्या सकाळीच जायचे आहे. गटाची अध्यक्षबाई अर्ज छापून घ्यायला गेली. संगणकावर बसलेल्या मुलाने २३ च्या २३ फायली एकदम निवडल्या आणि माउसचे उजवे बटण दाबले. एरवी तिथे एक यादी उघडते. तिच्यात ओपन, एडिट, प्रिंट अशी नावे असतात. ओपन म्हणजे उघडा, एडिट म्हणजे दुरुस्त करा, प्रिंट म्हणजे छापा. आज ती नावेच दिसेनात! मुलगा म्हणाला, "काकू, मशीन बिघडलंय. उद्या दुपारी या."

बाई बिचारी काय करणार? पण खरे सांगायचे तर मशीन बिघडलेले नसते.

संगणकाचा सगळा कारभार पाहणारी एक व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे कचेऱ्यांत आणि दुकानांत पुष्कळ ठिकाणी विंडोज नावाची व्यवस्था असते. ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची. २००९ साली विंडोज ७ आली. तिच्यात असा नियम आहे, की १५ पेक्षा जास्त फायली निवडल्या तर उघडा, दुरुस्त करा, छापा ही नावे यादीतून गायब व्हायची. पुढच्या विंडोज १० मध्ये आणि ११ मध्येही हा नियम राहिला. १५ फायलींपर्यंत सगळे ठीक. सोळावी फाईल निवडली, की नावे नाहीशी. गंमत अशी, की असे का झाले ते संगणक पडद्यावर सांगत नाही. आम्हाला विचाराल तर हे काही बरे नाही. दुकानदारसुद्धा माल संपला तर "संपला" म्हणून सांगतो.

पण नियम का केला? त्याला कारण आहे.

तलाठ्याची कचेरी डोळ्यांसमोर आणा. कपाटात दप्तर भरलेले असते. समोर एक मेज असते. काम करायचे तर कागद कपाटातून काढून मेजावर मांडावा लागतो. संगणकाचेही तसेच. फायली ठेवायचे कपाट म्हणजे डिस्क. काम करायचे मेज म्हणजे रॅम. कपाट मोठे, मेज लहान. फाईल उघडली की ती मेजावर येते. तिच्याबरोबर तिची खिडकीही येते, म्हणजे पडद्यावरची चौकट. तीही जागा खाते. शेदोनशे कागद एकदम मेजावर ओतले तर काय होईल? मेज भरून जाईल. मग संगणक काही कागद तात्पुरते कपाटात ठेवतो, लागले की पुन्हा काढतो. या ने-आणीत त्याचा वेग मंदावतो. पुष्कळदा पडदा गोठल्यासारखा होतो, बटण दाबले तरी हालत नाही. अशा वेळी संगणक बंद करावा लागला, तर लिहून न साठवलेला मजकूर जातो.

शिवाय चुकीने बटण दाबले जाते, ते वेगळेच. फायलींच्या ढिगावर कोणी नकळत "प्रिंट" दाबले, तर कागदाची रिमच्या रिम फुकट! म्हणून ही आडकाठी.

मग २३ अर्ज छापायचे कसे? दोन खेपांत. आधी १५, मग ८. पहिल्या फाईलवर एकदा माउसचे डावे बटण दाबावे. मग कीबोर्डवरची शिफ्ट कळ दाबून धरावी आणि पंधराव्या फाईलवर तेच बटण दाबावे. मधल्या सगळ्या आपोआप निवडल्या जातात. खाली कोपऱ्यात "१५ आयटेम्स सिलेक्टेड" असा मजकूर इंग्रजीत येतो. तो आकडा पाहावा. आता यादीत "प्रिंट" दिसेल. ही खेप छापून झाली की सोळाव्यापासून तेविसाव्यापर्यंत तसेच करावे.

कागद हातात आले की नावांच्या यादीशी ताडून मोजावेत. दोन खेपांच्या मधे एखादीचा अर्ज राहून जातो, आणि नेमकी तीच बाई बँकेत रिकाम्या हाताने उभी राहते.

गाण्यांचे मात्र निराळे आहे. गाणी वाजवणारे काही प्रोग्रॅम एकाच खिडकीत एकामागून एक गाणी घेतात. त्यांना मेज कमी लागते. म्हणून अशा प्रोग्रॅमांना विंडोज १०० फायलींपर्यंत मोकळीक देते, काहींना तर हद्दच घालत नाही.

हा १५ चा आकडा बदलताही येतो. रजिस्ट्री नावाची विंडोजची आतली वही आहे, तिच्यात तो बदलायचा. तिथे १६ लिहिले, तर त्याचा अर्थ सोळा असा होत नाही, "हद्द नाही" असा होतो! पण त्या वहीत भलतीकडे हात लागला, तर सबंध संगणक रुसून बसतो. ते काम जाणकाराचे.

आता एक गोष्ट राहिली. नक्कल करणे, दुसरीकडे हलवणे आणि पुसणे यांना ही पंधराची अट नाही. हजार फायली निवडून "डिलीट" दाबले, तरी यादी अडवत नाही. संगणकातून पुसलेल्या फायली बहुधा रिसायकल बिन नावाच्या टोपलीत जातात, तिथून परत काढता येतात. पेनड्राइव्हवरून पुसल्या, तर त्या टोपलीत जात नाहीत.