पाच मिनिटांचा चित्रपट : आधी कागद, मग कॅमेरा



इस्राएलमधील पुष्कळ हायस्कुलांत ‘कोलनोआ’, म्हणजे चित्रपट, हा ऐच्छिक विषय घेता येतो. तो घेणारी मुले शेवटी बगरूतसाठी स्वतःचा एक छोटा चित्रपट तयार करतात. विषय निवडायची वेळ आली की मूल घरी येऊन विचारते, “आजी, मी कशावर चित्रपट करू?” आणि आपण “आम्हाला त्यातले काय कळते?” असे म्हणून हात झटकतो. वास्तविक या कामाचा मोठा भाग कागदावरचा असतो, आणि त्यात घरच्या वडीलधाऱ्या माणसांची गरज पडते. म्हणून हा पाठ त्या मुलांसाठी आहे, तसाच त्यांच्या आजीआजोबांसाठीही आहे.

१. थोडक्यात किती मावते?

चित्रपटाची सुरुवातच मुळी छोट्या चित्रपटांनी झाली. 1895 साली फ्रान्समधील ल्युमिए बंधूंनी एका माळ्याचा चित्रपट काढला. माळी नळीने झाडांना पाणी घालत आहे. एक खोडकर मुलगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, मुलगा पाय उचलतो आणि माळी भिजून जातो. मग मुलाला पकडून शिक्षा होते. हे सारे एका मिनिटाच्या आत घडते. तरी त्यात माणूस आहे, त्याचे काम आहे, कामात आलेली अडचण आहे आणि शेवटही आहे. शाळकरी चित्रपटाला याहून अधिक काही लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी एक लहानशी फिल्म केली. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेतली, आणि पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढलेले दिसले. मोठ्या चित्रपटासाठी त्यांना भांडवल मिळाले ते ही फिल्म पाहून. विषय काय, तर एक वाटाणा! पण दररोज काय करायचे, ते आधी ठरलेले होते.

२. विषय अरुंद करावा

मुलांची पहिली चूक म्हणजे फार मोठा विषय घेणे. “बेने इस्राएलांचा इतिहास” हा पाच मिनिटांचा विषय नव्हे. 1962 ते 1964 या काळात विवाहाच्या प्रश्नावरून आपल्या लोकांनी येथे जो लढा दिला, तोही पाच मिनिटांत सांगून होणार नाही. पण त्या उन्हाळ्यात यरुशलेमला धरणे धरून बसलेले आजोबा घरात असतील, आणि त्यांच्याकडे तेव्हाचा एक फोटो असेल, तर “हा फोटो” हा पाच मिनिटांचा विषय नक्कीच होतो.

विषय पुरेसा अरुंद झाला की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. सारा चित्रपट एका वाक्यात सांगून पाहावा. त्या वाक्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत : माणूस कोण, त्याला काय हवे आहे, आणि आड काय येते. उदाहरणार्थ :

“नातीला स्वतःच्या मेंदीच्या दिवशी आपल्या हाताने मलिदा करायचा आहे; पण आजीने प्रमाण कधी लिहून ठेवलेले नाही, आणि नातीला मराठी येत नाही.”

या वाक्यात चित्रपट आहे. “मलिदा कसा करतात” एवढेच म्हटले असते, तर ती नुसती पाककृती झाली असती.

३. कागदावरची तीन कामे

पहिले काम, अर्ध्या पानाचा सारांश. काय घडते, कोणत्या क्रमाने घडते, शेवटी काय बदललेले असते. हा सारांश घरातील एखाद्या माणसाला वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याला मध्येच “मग हा कोण?” असे विचारावे लागले, तर तेथे दुरुस्ती हवी.

दुसरे काम, पटकथा. सर्वसाधारण हिशेब असा की पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. म्हणजे पाच मिनिटांना पाच पाने. पटकथेत फक्त दिसणारे आणि ऐकू येणारेच लिहावे. “आजीला गावाची आठवण येते” हे कॅमेऱ्याला दिसत नाही. “आजी डब्यातून जुनी वाटी काढते, पदराने पुसते आणि हातात धरून उभी राहते” हे दिसते.

तिसरे काम, दृश्यांची यादी. प्रत्येक दृश्य दुरून घ्यायचे, मध्यम अंतरावरून की अगदी जवळून, आणि ते किती सेकंदांचे, हे आधी लिहावे. शेजारी चौकोनात साधे रेखाचित्र काढावे; चित्रकला यायला हवी असे नाही. वरच्या चित्रपटाची सुरुवात अशी होईल :

(१) दुरून : स्वयंपाकघर, खिडकीपाशी आजी ताट पुसते आहे. 15 सेकंद.
(२) मध्यम : दारात नात, हातात वही. 10 सेकंद.
(३) जवळून : पोह्यांवर पाणी शिंपडणारी आजीची बोटे. 20 सेकंद.
(४) जवळून : विळीवर खवले जाणारे खोबरे. 15 सेकंद.
(५) मध्यम, दोघीही : नात विचारते, “कमा?” आजी काही न बोलता मूठ उघडून दाखवते. 25 सेकंद.

एकूण 85 सेकंद झाले. आजी एक शब्दही बोललेली नाही, तरी चित्रपटाचा प्रश्न पाहणाऱ्याला समजला आहे. पाचव्या दृश्यात एक नियम पाळावा. दोघींच्या मधून एक रेघ गेली आहे असे समजून कॅमेरा सदैव त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवावा. रेघ ओलांडली, तर पडद्यावर दोघींच्या जागा अचानक उलट होतात आणि कोण कोणाकडे पाहते आहे तेच कळत नाही.

४. कामाची वाटणी आणि दिवस

वर्गातील पाच जणांचा गट असेल तर दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन आणि व्यवस्था अशी वाटणी करावी. व्यवस्था पाहणाऱ्याचे काम कमी प्रतीचे समजू नये. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या घरी, काय सामान लागेल, हे सारे तोच लिहून प्रत्येकाला देतो. दहा आठवडे हाती असतील तर निम्मे कागदाला द्यावेत, चित्रीकरण दोन दिवसांत उरकावे आणि उरलेला काळ संकलनाला ठेवावा.

आपल्या घरांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. शब्बाथच्या वा सणाच्या दिवशी चित्रीकरण नेमू नये. शुक्रवारची दुपारही टाळावी, कारण तेव्हा घरच्या बाईला उसंत नसते. आणि खऱ्या मलिद्याच्या वेळी चित्रीकरण करायचे असेल, तर घरच्या मंडळींची व बेराखा म्हणणाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. एलियाहू हनबीच्या नावाने ताट ठेवलेले असताना “पुन्हा एकदा करा, नीट आले नाही” असे म्हणता येत नाही. तयारीची दृश्ये आदल्या दिवशी घ्यावीत. प्रत्यक्ष विधीच्या वेळी कॅमेरा एका कोपऱ्यात स्थिर ठेवून गप्प उभे राहावे.

५. आवाज

मराठीत आपण ‘चित्रपट’ म्हणतो, म्हणजे चित्र आधी. हिब्रू शब्दात मात्र ‘कोल’, म्हणजे आवाज, आधी येतो आणि ‘नोआ’, म्हणजे हालचाल, नंतर. शाळेतील मुलांनी हा क्रम पाठ करून ठेवावा, कारण त्यांच्या चित्रपटात चित्र बरे असते आणि आवाज ऐकू येत नाही. हल्ली मोबाइलवरही चित्र उत्तम येते. आवाजाचे तसे नाही. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जवळ, हातभर अंतरावर हवा. पंखा आणि फ्रिज बंद करावा, आणि फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी! प्रत्येक खोलीत सर्वांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करावी. संकलनात दोन वाक्ये जोडताना ती उपयोगी पडते.

येथे एक अभिमानाची आठवण द्यावीशी वाटते. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईत लागला. तो ज्या नाटकावरून घेतला होता, ते नाटक आपल्या समाजातील जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी लिहिलेले होते. तेथेही कागद आधी होता.

मुलाखत घेताना “तुम्ही कधी आलात?” असे विचारल्यास “1965 मध्ये” एवढेच उत्तर येते. “विमानातून उतरल्यावर पहिल्यांदा काय दिसले ते सांगा” असे विचारावे आणि मग थांबावे. म्हातारे माणूस गप्प झाले म्हणजे त्याचे बोलणे संपले असे नव्हे. चांगले वाक्य पुष्कळदा त्या गप्पपणानंतर येते.

६. संकलन आणि हिब्रू ओळी

आजीने मराठीतच बोलावे. तिला तोडक्यामोडक्या हिब्रूत बोलायला लावले, तर ती परक्या घरात बसल्यासारखी बोलते. तिचे बोलणे वेळेसह वहीत उतरवून घ्यावे, आणि मग पडद्याखाली हिब्रू ओळी द्याव्यात. एका वेळी दोन ओळींपेक्षा अधिक नकोत, आणि त्या सावकाश वाचून होतील इतका वेळ पडद्यावर राहिल्या पाहिजेत. म्हणजे अर्थ राखून शब्द कमी करावे लागतात.

आजीआजोबांनी मुलांशेजारी बसावे ते येथे. आजी म्हणते, “अंदाजाने घालायचं.” मुले तेथे ‘थोडेसे’ असा हिब्रू शब्द घालून मोकळी होतील. पण अंदाज म्हणजे थोडेसे नव्हे. वर्षानुवर्षे केल्याने हाताला आलेली ती समज आहे. हिब्रूत ‘लेफी हा-आयिन’, डोळ्याच्या मापाने, असे म्हणतात. ते त्याच्या जवळ जाते. ‘मलिदा’ या शब्दाचे मात्र भाषांतर करू नये. तो मलिदाच राहू द्यावा. अशा एकेका शब्दावर नातवंडाशी दहा मिनिटे बोलणे होते, आणि एरवी ते बोलणे घरात कधी होत नाही.

भारतातून तरुणपणी आलेली आपली पिढी आता थकत चालली आहे. चित्रपटात तिच्या बोलण्याची पाच मिनिटे येतील, पण मुलाखत तासभराची असेल. तो उरलेला सारा भाग पुसून टाकू नये. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. गुण शाळा देईल. ही ठेव कुटुंबाची आहे.

अभ्यास

(१) आपल्या घरातील एक वस्तू निवडा. माणूस, इच्छा आणि अडचण येईल असे एक वाक्य तिच्याविषयी लिहा.
(२) “आजोबांना वाईट वाटले” हे वाक्य न वापरता तेच दिसेल अशी तीन वाक्ये लिहा.
(३) वरील मलिद्याच्या यादीत पुढची पाच दृश्ये सेकंदांसह जोडा.
(४) आजीआजोबांना एक प्रश्न विचारा आणि उत्तर संपल्यावर मनात दहापर्यंत मोजा. त्यानंतर ते जे बोलतील, ते लिहून घ्या.