गँगवेवरचा फळा

वरळी कोळीवाडा,
नारळी पौर्णिमा

चि. भाच्यास,


परवा फोनवर म्हणालास, रॉटरडॅमला दीड दिवस जहाज लागलं होतं, पण तू खाली उतरलाच नाहीस. तुझ्या आईला बरं वाटलं, पोर कुठे भटकलं नाही म्हणून. मला मात्र ते लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

चीफ ऑफिसरना विचारायचा धीर झाला नाही, म्हणालास. अरे, खाली उतरायला मागणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. 2006 च्या मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये ते लिहिलेलं आहे: तब्येत आणि मन ठीक राहावं म्हणून खलाशाला किनाऱ्यावर जाऊ द्यायचं, जहाजाचं काम सांभाळून. आपल्या देशाने 2015 साली ते मान्य केलं. कार्गो वॉच संपली की समोर उभा राहा आणि सरळ विचार, "सर, माझी पुढची वॉच अमक्या वाजता आहे, तोवर जाऊन येऊ का?" नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, पुढच्या बंदरात पुन्हा विचार. मागितल्याशिवाय मिळत नाही, आपलंच बघ ना: इथे कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटरची वाट ठेवणार होते. होड्या सुखरूप आत-बाहेर व्हाव्यात म्हणून आपल्या नाखवांनी काम अडवून धरलं, तेव्हा कुठे 2022 च्या अखेरीस 120 मीटर मान्य झालं. गप्प बसलो असतो तर कोण देणार होतं?

आमच्या वेळी गोणी आणि पेट्या उतरवायच्या असत, जहाज आठवडाभर धक्क्याला असायचं. तुमचं कंटेनरचं जहाज श्वास घ्यायच्या आत सुटतं. म्हणून तीन तास मिळाले तरी ते केबिनमध्ये मोबाइलवर घालवू नकोस. 2020 मध्ये कोविडने जगभरात चारेक लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. बंदर समोर दिसायचं, पाय टेकता यायचा नाही. त्यातले आपल्या गल्लीतले दोघे परत आले तेव्हा किती दिवस धड बोलत नव्हते, ते तू स्वतः पाहिलं आहेस. जमीन नुसती पायाला लागली तरी माणूस सावरतो. मात्र झोपेने डोळे मिटत असतील तर उतरू नकोस. चोवीस तासांत दहा तास विश्रांती हाही नियमच आहे.

आता माझी एक चूक सांगतो, तुझ्या आईलाही ती पूर्ण ठाऊक नाही. मी सुखानी होतो. गँगवेच्या तोंडाशी फळा असतो, त्यावर खडूने लिहिलेलं असतं, अमुक वाजेपर्यंत सगळे जहाजावर. मी तो वाचला आणि बाजारातल्या घड्याळावर विसंबलो. जहाजाचं घड्याळ एक तास पुढे होतं. धक्क्यावर पोचलो तेव्हा गँगवे उचललेला, टग बांधलेले, मागचा दोर सुटत होता. एजंटने हातापाया पडून पायलटच्या लाँचमध्ये बसवलं. बाहेर हेलकावणाऱ्या पाण्यात दोरीची शिडी चढलो, शर्टाच्या आत तुझ्या आईसाठी घेतलेला चॉकलेटचा डबा. वर रेलिंगला बोसन उभा होता. एक शब्द बोलला नाही, फक्त हात धरून ओढून घेतलं. माझी वॉच त्याने दुसऱ्याला दिली होती, आणि तो माणूस सोळा तास जागा होता. त्याच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

तेव्हा फळा वाचलास की घड्याळ जहाजाच्या वेळेला लाव आणि सांगितल्याच्या तासभर आधी परत ये. एकटा जाऊ नकोस. शोअर पास आतल्या खिशात, आणि एजंटचा नंबर कागदावर, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. युरोपात बंदराच्या गावात आणि लगतच्या गावात खलाशाला व्हिसाशिवाय फिरता येतं, त्यापुढे नाही. अमेरिकेत व्हिसा नसेल तर गँगवे उतरायचाच नाही. दारूचं मी काय सांगू, तू समजूतदार आहेस. पण एक गोष्ट बजावून सांगतो: कोणी कितीही गोड बोलून पुडकं दिलं, "एवढं तुझ्या जहाजावरच्या मित्राला दे" म्हणालं, तरी हात लावायचा नाही. रॉटरडॅम आणि अँटवर्प ही कोकेनच्या चोरट्या व्यापाराची मोठी बंदरं आहेत. अशा पुडक्यापायी आयुष्य तुरुंगात जातं.

गेटवर सीमेन्स क्लबची गाडी येत असेल तर तीच धर. तिथे वायफाय मिळेल, गरम कॉफी मिळेल, पण तिथेच बसून राहू नकोस. गावात जा, दोन रस्ते पायी फिर.

आज सकाळी जेट्टीवर नारळ सोडला. गोल्फादेवीला तुझ्या नावाने ओटी भरली. तुझी आई संध्याकाळी मासळीची पाटी उतरवून बसली की रोज विचारते, तिकडे मासळी कशी विकतात, बायका विकतात का, पापलेट मिळतं का. पुढच्या बंदरात मासळीबाजार सापडला तर बघून ये आणि तिला फोन कर.

तुझा,
मामा