घराचा सौदा आणि दलाल

सोलापुरात माग चालवून, विड्या वळून पोट भरणारी माणसे पुष्कळ आहेत. पै पै साठवून ती घर घेतात. असे घर जन्मात एकदाच होते. म्हणून घराचा सौदा कसा होतो, ते आपण नीट समजून घेऊ.

ज्याला घर विकायचे असते, तो दलालाला सांगतो. दलालालाच कोणी एजंट म्हणतात. दलाल घर पाहतो, किंमत विचारतो आणि गिऱ्हाईक शोधतो. समजा, मालक ९ लाख म्हणतो आणि आपण ७ लाख म्हणतो. दलाल दोघांशी बोलतो आणि ८ लाखांवर सौदा जुळवतो. या कामाची त्याला दलाली मिळते. दलाली शेकडा किती, ती कोणी द्यायची, केव्हा द्यायची, हे आधीच ठरवावे. ८ लाखांवर शेकडा २ म्हणजे १६,००० रुपये होतात.

दलाल वाईट असतो, असे आम्ही म्हणत नाही. चांगला दलाल आपली पायपीट वाचवतो. पण सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात. म्हणून तो घाई करतो. म्हणतो, "मावशी, आजच इसार द्या. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय."

मावशीने म्हणावे, "भाऊ, आधी कागद दाखवा. वाचते, मग पैसं देते."

कोणता कागद पाहावा? शहरातील जागेचे मिळकत पत्रक पाहावे. ते नगर भूमापन कार्यालयातून मिळते. जिथे नगर भूमापन झालेले नाही, तिथे सातबारा पाहावा. मालकाचे जुने खरेदीखतही मागावे. विकणाऱ्याचे नाव त्यात आहे का? भावाबहिणींची नावे असली, तर त्यांच्याही सह्या लागतील. बँकेचा बोजा आहे का? घरपट्टीच्या पावतीवर भुलू नये. ती कर भरल्याची पावती आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सरकारी योजनेतले घरकुल असेल, तर ते विकायची मुभा आहे का, हे विचारावे.

आपल्या शहरात कोणाच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू. मराठी कागद अडला, तर जाणत्याकडून वाचून घ्यावा. दलालाने तोंडी सांगितले, तेवढ्यावर अंगठा देऊ नये.

इसार दिला की लेखी पावती घ्यावी. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे. ती चेकने किंवा बँकेतून द्यावी.

शेवटी खरेदीखत होते. १०० रुपये आणि त्यावरील किमतीच्या घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावेच लागते. नुसत्या नोटरीच्या कागदाने घर आपल्या नावावर होत नाही. खरेदीखत झाल्यावर मिळकत पत्रकावर आपले नाव लावून घ्यावे.

नव्या इमारतीत घर घ्यायचे असेल, तर महारेराचा नंबर विचारावा. २०१७ सालापासून मोठ्या नव्या बांधकामांची आणि त्यातली घरे विकणाऱ्या एजंटांची नोंद महारेराकडे करावी लागते. अशा बांधकामात नोंदलेला करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या शेकडा १० पेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत.

वाचा आणि लिहा : इसार, दलाली, बोजा, मिळकत पत्रक, खरेदीखत.

उत्तरे द्या :
१. दलाल घाई का करतो?
२. घरपट्टीची पावती कशाचा पुरावा आहे?
३. ६ लाखांच्या घरावर शेकडा १ दलाली किती होईल?