सकाळी चहा-कॉफी, संध्याकाळी चायनीज पार्सल : एका गाळ्याचा हिसाब

आमच्या भाच्याने भिवंडीतले आपले सहा लूम भंगारात विकले आणि त्या पैशांतून मोहल्ल्याच्या तोंडाशी एक गाळा भाड्याने घेतला. सकाळी चहा, कॉफी, बनमस्का, आमलेट आणि संध्याकाळी चायनीज, असा त्याचा बेत. आम्ही जन्मभर कापड विकले, खाण्याच्या धंद्यातले आम्हाला काही कळत नव्हते. पण तीन महिन्यांत तोटा आला तेव्हा त्याने वह्या आमच्यापुढे आणून टाकल्या. त्या वाचता वाचता जे कळले ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण लूम विकून हॉटेल टाकावे असा विचार करणारे आमचे पुष्कळ बांधव आहेत.

आधी सकाळचा धंदा. या बाबतीत मुंबईचे इराणी हे उस्ताद. धोबी तलावचे कयानी 1904 सालचे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया 1923 चे, पुण्याचे गुडलक 1935 चे. या इराण्यांत जरथुष्ट्री होते तसे इराणी मुसलमानही होते. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, ती यांनी स्वस्तात घेतली असे सांगतात. कोपऱ्याला दोन रस्ते मिळतात, म्हणजे एका भाड्यात दोन दरवाजे. चहात नफा थोडा, म्हणून गल्ल्याजवळ साबण, बिस्किटे, किरकोळ किराणा ठेवला. चहाला आलेला माणूस घरचा माल घेऊनच निघे. आज ही हॉटेले थोडीच उरली. चव बिघडली म्हणून ती बंद पडली नाहीत. जागेची किंमत चहाच्या नफ्यापेक्षा फार वाढली आणि मुलांनी शिकून दुसऱ्या वाटा धरल्या.

भाच्याच्या सकाळच्या हिसाबात दोष एकच होता, पण तो मोठा. रात्रपाळी सुटलेले कारागीर एक कप चहावर तासभर बसत आणि पैसे पगाराला देत. चार टेबले भरलेली, गल्ला रिकामा. आम्ही त्याला म्हटले, कापडात आपण उधारी देतो कारण थान परत मागता येते. प्यालेला चहा कुठून परत आणणार? आता चहा रोख. उधारी हवी असेल तर महिन्याचे कूपन आधी घ्यायचे. कॉफी त्याने नंतर वाढवली. तिला गिऱ्हाईक कमी, पण कपामागे सुटते जास्त आणि कॉफी पिणारा सोबत आमलेट-पाव घेतो, असा त्याचा तजुर्बा. (जाता जाता सांगतो, कॉफीचे बी अरबस्तानातून हिंदुस्थानात आणले ते बाबा बुदन यांनी, अशी आख्यायिका आहे. चिकमगळूरकडील डोंगराला त्यांचेच नाव आहे.)

आता चायनीज. गाडीवरचे हे चायनीज चीनमधून जसेच्या तसे आलेले नाही. त्याची मुळे कलकत्त्यात आहेत. तिथल्या टांगरा भागात हक्का जमातीचे चिनी कारागीर चामडे कमावीत. ‘हक्का नूडल्स’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. 1996 साली सुप्रीम कोर्टाने तेथील चामड्याचे कारखाने शहराबाहेर बानतला येथे हलविण्याचा हुकूम दिला. पण काही कुटुंबांनी त्याआधीच खाणावळी सुरू केल्या होत्या. पिढीजात धंदा हलला तेव्हा चूल पेटलेली होती. आमच्या लूमवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्या भाच्याने मात्र आधी लूम विकले आणि मग तो कढई धरायला शिकला.

चिकन मंचुरियन तर आपल्या मुंबईचे. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी ते 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केले असे ते सांगत. आले, लसूण, हिरवी मिरची हे आपलेच. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लॉवर. या चवीची बाजारात किंमत काय? शेजवान चटणी आणि सॉस विकणारी ‘चिंग्ज’वाली कॅपिटल फूड्स ही कंपनी टाटांनी 2024 साली सुमारे 5,100 कोटी रुपये हिशेबून घेतली.

धंद्याच्या नजरेने चायनीजची खुबी अशी की कच्चा माल थोडा आणि नग पुष्कळ. भात, नूडल्स, कोबी, गाजर, सिमला मिरची, पातीचा कांदा, कोंबडी आणि तीन बाटल्या : सोया, मिरची, व्हिनेगर. एकाच सुतावर रंग बदलून दहा डिझाईन काढावीत तसे. पण भाच्याने पाटीवर 84 नग लिहिले होते. बेबी कॉर्न, मशरूम, कोळंबी आणून ठेवायचा आणि रात्री फेकायचा. कापडाचे थान हंगाम सरला तरी निम्म्या भावात जाते, कोळंबी सकाळी फुकटही जात नाही. आता नग 22 आहेत.

भात दुपारी शिजवून थंड करावा लागतो, नाहीतर कढईत गोळा होतो. तो थंड होताच फ्रिजमध्ये गेला पाहिजे. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात की त्यांचे विष पुन्हा परतूनही जात नाही. गॅस 19 किलोचा व्यावसायिकच घ्यावा. घरगुती सिलिंडर दुकानात वापरणे गुन्हा आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. गरम रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देण्याची जुनी रीत महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहे, तेव्हा डब्याचा खर्च धरूनच भाव लावावा. कोंबडी हलालच असते, पण तयार सॉसच्या बाटलीवरचा मजकूरही वाचावा. काही चिनी सॉसांत दारू घातलेली असते.

मोठा तोटा मात्र निघाला तो मोबाईलवरून येणाऱ्या ऑर्डरीत. समजा, फ्राइड राइसची प्लेट 120 रुपयांची. माल 45, गॅस आणि डबा 12, मजुरी आणि भाडे 35, असे 92 गेले. गल्ल्यावरून पार्सल दिले तर हाती 28 राहतात. तेच पार्सल घरपोच देणाऱ्या कंपनीने बिलाचा चौथा हिस्सा कापून नेले तर 30 गेले, म्हणजे प्लेटमागे 2 रुपये पदरचे. भाचा खुशीत होता की रोज 40 ऑर्डरी येतात. दर रात्री तो 80 रुपये देऊन मेहनत करीत होता! त्याने कापणीचा करार वाचलाच नव्हता. इंग्रजीत होता म्हणाला. आम्हीही उर्दू शाळेतले, पण करार दुसऱ्याकडून वाचून घेता येतो.

आता कंपनीमार्फत तो फक्त मोठी पार्सले देतो आणि तिथले भाव वेगळे लावले आहेत. मोहल्ल्यातली पार्सले त्याचा धाकटा भाऊ सायकलवर पोचवतो. बसायची टेबले चारच ठेवली, कारण संध्याकाळी पार्सलवाला उभाच असतो. पाचव्या महिन्यात वहीत पहिल्यांदा जमेची बाजू वर आली, 3,400 रुपयांनी. त्यात त्याने स्वतःची मजुरी धरलेली नाही, हे आम्ही त्याला दाखवून दिले आहे.