वाद कसा करावा?

आज विज्ञान, इतिहास, तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर आपली मुले मोबाईलवर अनोळखी माणसांशी वाद घालतात. वाद वाईट नाही. मात्र त्याची रीत शिकावी लागते.

लाहोरच्या मंडळाने व्याख्यान रद्द केल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ते स्वतः छापले. त्याच वर्षी वर्धेजवळील शेगावी (आजचे सेवाग्राम) राहावयास आलेल्या गांधीजींनी जुलैमध्ये 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका जशीच्या तशी छापून मग आपले उत्तर दिले. दोन्ही बाजू वाचकासमोर आल्या.

विद्यार्थ्यांनी यावरून शिकावे :

१) समोरच्याचे म्हणणे पूर्ण वाचावे, तोडून दाखवू नये.

२) उत्तर मुद्द्याला द्यावे. कोणाचा फोटो, पत्ता चव्हाट्यावर आणू नये. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे.

३) बातमी मुळात कोणी, केव्हा दिली ते तपासावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले.

'हे कशावरून?' असे विचारणे म्हणजे हुज्जत नव्हे. त्या प्रश्नावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.