स्कूटरच्या मागच्या चाकाचा आवाज कसा ओळखावा?



बैलगाडीचे चाक करकरले की वंगण संपले, हे आपल्याला वाकून बघावे लागत नाही. तोच कान स्कूटरलाही लावायचा आहे. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक अजून काही घरांत आहे, आणि बिनगिअरच्या नव्या स्कूटरी तर वाडीवस्तीवर पोचल्या आहेत. मागे माणूस, पुढे खताची पिशवी आणि फडाकडे जाणारा खाचखळग्यांचा रस्ता! बराचसा भार मागच्या चाकावर पडतो. ते बोलू लागले की ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणून भागत नाही. कधी आवाज टायरात अडकलेल्या खड्याचा असतो, तर कधी चाक निसटण्याची ती आगाऊ सूचना असते.

मुख्य सूत्र असे, की आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे आधी पाहावे.

खडूची परीक्षा : इंजिन बंद करून किल्ली काढावी, गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. टायरच्या बाजूवर खडूने एक रेघ मारून गाडी सपाट जागेवर हळूहळू ढकलावी. १० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे साडेचार फूट जाते. दर फेऱ्याला, रेघ ठराविक जागी आली की एकदाच आवाज येत असेल, तर दोष टायर, रिम किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये आहे. ढकलताना काहीच ऐकू येत नाही, पण उभ्या गाडीचे इंजिन चालू केल्यावर येतो, तर चाकाला दोष देऊ नये. बिनगिअरच्या गाडीत तो बहुधा डाव्या झाकणाखालच्या पट्ट्याचा किंवा रोलरचा असतो.

आता एकेक आवाज पाहू.

१) टिक-टिक किंवा थप-थप : वेगाबरोबर ठोके वाढतात. टायरात खडा, खिळा अडकला आहे का पाहावे. टायरला फुगा आला असेल तर थप-थप होते. असा टायर बदलावाच, तो केव्हाही फुटेल.

२) ब्रेक मारला की खर्र : लायनर झिजून लोखंडावर लोखंड घासते आहे. लायनरचा खर्च टाळाल तर ड्रमचा खर्च पदरी पडेल. अनेक नव्या गाड्यांत ब्रेकच्या दांडीजवळ बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला की लायनर संपले असे समजावे. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावे. आत तेल दिसले तर ऑईल सील गेले. तेलकट लायनर ब्रेक धरत नाही.

३) सतत घरघर : वेगाबरोबर वाढते, ब्रेकचा संबंध नसतो. हे बेअरिंग झिजल्याचे लक्षण. गाडी मुख्य स्टँडवर लावावी. चाक टेकत असेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन, दुसऱ्या माणसाला गाडी धरायला सांगून ते अधांतरी करावे. वर-खाली दोन हातांनी धरून चाक आत-बाहेर हलवावे. चाक डुगडुगले तर बेअरिंग तरी गेले किंवा मधला नट तरी ढिला आहे.

४) फक्त खड्ड्यात खडखड : चाकाआधी बाकीचे पाहावे. सायलेन्सरचे बोल्ट, नंबरप्लेट, स्टेपनी, शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे रबरी बुश, यांतले काहीतरी सैल असते. एकेक हाताने दाबून धरून पाहिले तरी चोर सापडतो.

५) निघताना ‘टक’, ब्रेक मारताना पुन्हा ‘टक’ : हा सर्वांत वाईट आवाज. चेतकसारख्या गाडीत मागचा ड्रम दात्यांच्या दांड्यावर बसतो आणि मधला मोठा नट त्याला आवळून धरतो. नट ढिला झाला की ड्रम पुढे-मागे खेळतो, दाते खाल्ले जातात आणि शेवटी चाक जागा सोडते. बिनगिअरच्या गाडीतही मागच्या नटाचे महत्त्व तेवढेच. असा आवाज आला की गाडी जागेवरच थांबवावी. ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ असे करू नये, मिस्त्रीला तिथे बोलवावे. नुसता नट आवळून काम संपत नाही, कारण दाते झिजले असतील तर तो पुन्हा सैल होतो. नटाला स्प्लिट पिन असेल तर दर वेळी नवीनच घालावी. जुनी सरळ करून घातलेली पिन मोडते, आणि तिच्या जागी तारेचा तुकडा तर कधीच घालू नये.

गॅरेजला गेल्यावर ‘मागून आवाज येतोय’ एवढेच सांगू नका. सपाट रस्त्याला येतो की खड्ड्यात, ब्रेक मारल्यावर येतो की सोडल्यावर, ढकलताना येतो की इंजिन चालू असतानाच, हे सांगा. मिस्त्रीचा वेळ वाचेल आणि नको ते सामान बदलले जाणार नाही.

हंगामात रात्री-अपरात्री रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात. अशा वेळी चाकाने दगा दिला तर सावरायला जागा मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा चाक हलवून, नट पाहून, हवा तपासून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. घरच्या मुला-मुलींनाही ते शिकवावे, ही विनंती.